लॉर्ना पॅस्कोचा मोकळा मार्च

दक्षिण गोलार्धातल्या हेस्टिंग्जमध्ये मार्चच्या सुमाराला सफरचंदांचा हंगाम सुरू झाला की लॉर्ना पॅस्कोच्या हातातला फोन सुटत नसे. भाजी आणायला गेली तरी फोन हातात, दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवी झाली तरी फोन पोटावर. डॉक्टर म्हणाले, "अहो, तो जरा बाजूला ठेवा." लॉर्ना उघड्या तोंडानेच म्हणाली, "गाला चालू आहे." गाला ही हंगामात आधी येणारी सफरचंदाची जात. डॉक्टरही त्याच गावचे. त्यांनी फोन तसाच राहू दिला.

लॉर्ना मूळची बागेतलीच. तिचे वडील दुसऱ्यांच्या बागांत झाडं छाटायचे, आई पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल भरायच्या शेडमध्ये, फळं कागदात गुंडाळायची. लॉर्नाला आकड्यांची आवड होती, म्हणून ती पॉलिटेक्निकला गेली, आणि तिथून थेट रेक्स ओल्डरशॉच्या कारखान्यात. रेल्वे रुळांच्या कडेला पत्र्याची एक मोठी शेड होती. तिथे फळं निवडायची यंत्रं बनत. रेक्स लोखंडाचा माणूस. वेल्डिंग, साखळ्या, गिअर यांत रमणारा. यंत्राच्या डोक्याचं काम त्याने लॉर्नावर सोपवलं आणि मग त्या बाजूला कधी फिरकला नाही.

यंत्र म्हणजे सरकत्या पट्ट्यावरची वाट्यांची लांबच लांब माळ. प्रत्येक वाटीत एक सफरचंद. वाटी कॅमेऱ्याखाली आली की फळ स्वतःभोवती फिरतं, त्याचे फोटो निघतात, वजन होतं, आणि पुढे ठरलेल्या जागी वाटी कलंडते. हे फळ तैवानचं, हे युरोपचं, हे इथल्याच दुकानांचं आणि हे रसाचं. हा सगळा विचार पापणी लवायच्या आत व्हायला हवा. म्हणून लॉर्नाने तिचा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये लिहिला होता. असा प्रोग्रॅम एकदा कंपाइल केला, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात घट्ट बांधून टाकला, की वाऱ्यासारखा पळतो. अडचण एवढीच, की त्यातला एखादा आकडा बदलायचा तरी गाठ सोडायची, बदलायचं, पुन्हा बांधायचं, पॅकहाउसकडे पाठवायचं. तेवढा वेळ पट्टा बंद. आणि गाठ सोडणारं माणूस एकच.

आकडे तर रोज बदलत. कुणाला फळ जास्त लाल हवं, कुणाला देठाजवळचा खरखरीत डाग चालायचा नाही, कुणाला गेल्या आठवड्यात चालणारा आकार या आठवड्यात मोठा वाटायचा. मग पॅकहाउसमधून फोन यायचे. त्यातला सगळ्यात पहिला हेनी टिपोकीचा.

हेनीचं पॅकहाउस नदीच्या अंगाला होतं. जमीन तिच्याच आप्तगोताची, बागा त्यांच्या, पॅकहाउसही त्यांचंच. हेनी तिथली मुख्य निवडणारी. कामावरच्या सगळ्या बायका तिला आंटी म्हणत, तिच्याहून मोठ्या होत्या त्याही.

"लॉर्ना, उठलीस का?"

"तू फोन केल्यावर कोण झोपून राहणार?"

"तैवानवाल्यांचं डोकं पुन्हा फिरलंय. लाल वाढव."

"किती?"

"थोडंसं. म्हणजे कालच्यापेक्षा जास्त आणि परवाच्यापेक्षा कमी."

वर्षानुवर्षं हे असं चाललं. दोघींची मैत्री झाली ती फोनवरच. हेनीच्या आवाजावरून लॉर्नाला माल कसा आहे ते कळायचं, आणि कीबोर्डच्या आवाजावरून हेनीला लॉर्नाचं मन ठिकाणावर आहे की नाही ते.

लॉर्नाची एकच मुलगी, ब्रायर. लग्न होऊन ती देशाच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला राहायला गेली. तिला पहिला मुलगा झाला तो मार्चमध्ये, गाला ऐन भरात असताना. लॉर्नाने नातू पाहिला तेव्हा तो मान धरायला लागला होता. ब्रायरने चहा केला, बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "आई, तुझी सफरचंदं संपली का?" बोलण्यात टोचणी नव्हती. ती खरंच विचारत होती. लॉर्नाला तेच जास्त लागलं.

परत आल्यावर तिने रेक्सला सांगितलं, "नियम प्रोग्रॅमच्या बाहेर काढायचे. पॅकहाउसवाल्यांनी आपले आपण बदलायचे."

रेक्स कुठल्याशा बेअरिंगला वंगण लावत होता. "यंत्र चालतंय ना?"

"यंत्र चालतंय. मीच चालायची थांबलेय."

रेक्सने वर पाहिलं. बोलणं त्याला फारसं जमत नसे. "हिवाळ्यात कर," म्हणाला. "हिवाळ्यात कुणी ओरडायला नसतं."

तो सगळा हिवाळा लॉर्नाने दोन भाषांना एका घरात नांदवण्यात घालवला. ब्राझीलच्या लोकांनी केलेली एक लहानशी भाषा तिने निवडली. फुकट मिळणारी, अंगाने बारीक, आणि दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या पोटात राहायला तयार. या भाषेत लिहिलेल्या मजकुराला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्ट कंपाइल करावी लागत नाही. लिहिली की तिथल्या तिथे वाचली जाते, आणि यंत्र चालू असतानाही बदलता येते. पण ती हळू. म्हणून लॉर्नाने कामं वाटून दिली. फोटो, वजन, वाट्या हे धावपळीचं काम जुन्या प्रोग्रॅमकडेच ठेवलं. एका बागेचा माल सुरू होताना, किंवा कुणी बटण दाबलं की, त्याने स्क्रिप्टकडे फक्त नियमांचा तक्ता मागायचा, आणि तो समोर ठेवून पुढची फळं निवडायची. प्रोग्रॅमला एखादा नियम वाचताच आला नाही, तर ते फळ रसात टाकायचं. शंकेचं फळ परदेशी जाऊ द्यायचं नाही, हा रेक्सचा जुना दंडक होता.

त्या लहान भाषेला आणखी एक सवय होती. ती आपली झाडलोट आपणच करायची. जी गोष्ट कुणी धरून ठेवलेली नाही, ती मेमरीतून उचलून फेकून द्यायची. ही झाडलोट फळं धावत असताना सुरू झाली तर एखादी वाटी कलंडायला उशीर होईल, असं लॉर्नाला वाटलं. तिने युक्ती केली. झाडलोट करायची ती पट्टा थांबला असेल तेव्हाच. पट्टा थांबतो स्मोकोला, चहाच्या सुट्टीत. आणि हेस्टिंग्जमध्ये आभाळ कोसळलं तरी स्मोको चुकत नाही. या युक्तीमुळे ती स्वतःवरच खूष झाली होती. कारखान्यातल्या छोट्या पट्ट्यावर लाकडाची सफरचंदं दिवस दिवस फिरवून तिने सगळं तपासलं. कुठे खोट निघाली नाही.

मग ऑगस्टमध्ये, हिवाळा सरताना, ती हेनीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. टेबलावर तळलेले पाव, पाकाचा डबा आणि लॉर्नाचा लॅपटॉप. हेनीने आधी हात पुसले, मग चष्मा, मग पुन्हा हात.

"लाल इतक्याहून कमी असेल तर काय, ते लिही," लॉर्ना म्हणाली.

हेनीने एका बोटाने लिहिलं. "झालं."

"शेवटी एंड लिही. त्याशिवाय त्याला कळत नाही, की तुझं म्हणणं संपलं."

"मी गप्प बसले म्हणजे संपलं, एवढं कळत नाही त्याला?"

"नाही कळत."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच आहे. ऊठ म्हटल्याशिवाय जेवणावरून उठत नाहीत." हेनीने एंड लिहिलं. पडद्यावर खोट्या सफरचंदांची ओळ होती, त्यातली तीन-चार बाजूला झाली. हेनी बघतच राहिली. मग म्हणाली, "हे मी केलं?"

"तूच केलंस."

"थांब, तैवानवाल्यांना जरा छळते." आणि तिने सगळीच सफरचंदं रसात घालून दाखवली.

उन्हाळा आला. ब्रायरला पुन्हा दिवस गेले होते आणि तारीख पुन्हा मार्चचीच होती. लॉर्ना फोनवर म्हणाली, "तुमच्या घरात पोरांना जन्माला यायला दुसरा महिना मिळत नाही का गं?" ब्रायर हसली. मग म्हणाली, "तू येशील असं मी धरून चालत नाहीये हं, आई. म्हणजे तू वाईट वाटून घेऊ नकोस." त्याच दिवशी लॉर्नाने तिकीट काढलं.

हंगाम सुरू झाला. हेनीने नियम बदलले आणि फोन केला नाही. पहिल्या दिवशी लॉर्नाला करमेना. तिने स्वतःच फोन लावला, तर हेनी म्हणाली, "काय हवंय? कामात आहोत." लॉर्नाने बॅग काढून पलंगावर उघडून ठेवली. शनिवारचं विमान होतं.

गुरुवारी सकाळी हेनीचा फोन आला.

"लॉर्ना, चांगली फळं रसात चाललीत."

"किती?"

"सगळी."

लॉर्ना पोचली तेव्हा पट्टा सुरळीत चालला होता. लाल गाला लालच्या जागी, लहान लहानच्या जागी. हेनी कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता बघ कसं शहाण्यासारखं वागतंय. दवाखान्यात नेल्यावर पोराचा खोकला थांबतो तसं. मघाशी बघायला हवं होतंस. पुढच्या बागेचा माल लागला आणि आपोआप सुधारलं."

पाठोपाठ रेक्सही आला. टोपी काढून त्याने रसाच्या पेटीत डोकावून पाहिलं. आत सुरेख फळं होती. कुणाच्या तरी बागेत वर्षभर राबून वाढवलेली. रेक्सने एक उचलून अंगठ्याने पुसलं.

"लॉर्ना, मागच्या वर्षीचा प्रोग्रॅम परत घाल," तो म्हणाला. "तो चुकत नाही. नियम पूर्वीसारखे तू बदल. हंगाम संपला की शोधू या काय ते."

त्याचं चूक नव्हतं. लॉर्नालाही तेच शहाणपणाचं वाटत होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "शनिवारी..." आणि थांबली. रेक्सला तिच्या तिकिटाबद्दल माहीत होतं. तो टोपी हातात फिरवत जमिनीकडे बघू लागला.

"रेक्स, जरा बाजूला हो. ट्रे ठेवायचाय," हेनी म्हणाली. ट्रे ठेवून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली. "परत घालायचं नाही. पहाटे उठून हिला फोन करायचा, मग पट्टा बंद, मग आम्ही सगळ्या हातावर हात ठेवून उभ्या. ते मला पुन्हा नको. एकदा माझ्या हातात आलेलं मी परत देत नसते."

"आणि फळं, हेनी? ती तुमच्याच लोकांची आहेत."

"माझ्याच लोकांची आहेत, म्हणून तर सांगतेय." तिने मागे वळून हाक मारली, "लेसिएली!"

लेसिएली टोंगा बेटांवरून दर हंगामाला कामाला येणारी. धिप्पाड, सदा गुणगुणणारी बाई. हेनीने तिला काय सांगितलं ते लॉर्नाला यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने लेसिएली आणि आणखी चार-पाच जणी येऊन, जिथून फळं रसाच्या पेटीत पडत त्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या.

"हे काय?" लॉर्नाने विचारलं.

"चांगलं फळ इकडे आलं की आम्ही उचलून परत पट्ट्यावर टाकू," हेनी म्हणाली. "एकही वाया जायचं नाही. तू बस आणि तुझं भूत बाहेर येईपर्यंत वाट बघ. ते आलं की शेपटी धर."

"अगं, दिवसभर उभं राहावं लागेल त्यांना."

"एरवी आम्ही गाद्यांवर लोळत असतो वाटतं!" लेसिएली म्हणाली. मग तिने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"काय?"

"तुझ्या मुलीला. काय होणार?"

लॉर्नाला कळेना, हे हिला कसं माहीत. मग तिने हेनीकडे पाहिलं. हेनी दुसरीकडे बघत होती.

ती हेनीच्या छोट्या ऑफिसात बसली. काचेतून पट्टा दिसत होता. आपलाच प्रोग्रॅम तिने ओळीने वाचला. कुठेच चूक दिसेना. कारखान्यात लाकडाची सफरचंदं एवढी फिरली, तिथे असं कधी झालं नव्हतं. तिथे आणि इथे फरक काय? धूळ? उष्णता? तिने हेनीला आत बोलावलं.

"सकाळी नेमकं कधी सुरू झालं?"

"स्मोकोनंतर. पट्टा चालू केला आणि लगेच."

"याआधी कधी?"

हेनीने जरा विचार केला. "काल थोडा वेळ झालं होतं. आम्हाला वाटलं, बागच खराब आहे. तेही... हो, तेही स्मोकोनंतरच."

लॉर्नाच्या हातातलं पेन थांबलं. लाकडाच्या सफरचंदांना चहा लागत नाही. कारखान्यातला पट्टा ती सकाळी सुरू करायची तो घरी जाताना बंद करायची. आणि पॅकहाउसमध्ये कधी आलीच तर तिचा डबा ती गाडीत बसून खायची, कुणाला त्रास नको म्हणून. एवढ्या वर्षांत तिने पट्टा स्मोकोला थांबताना पाहिलाच नव्हता.

दुपारच्या स्मोकोची घंटा झाली. पट्टा घरघरत थांबला. बायका हातमोजे काढत निघून गेल्या आणि शेड इतकी शांत झाली की छतावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. लॉर्ना पडद्यासमोर उभी राहिली. प्रोग्रॅम ज्या जागेवरून नियम वाचत होता, ती मेमरीतली जागा तिने पडद्यावर उघडून ठेवली होती. झाडलोट सुरू झाली. नियमांचे आकडे होते तिथे आधी काही बदललं नाही. मग दुसरंच काहीतरी येऊन बसलं. निरर्थक अक्षरं.

चूक तिचीच होती, आणि तिच्यासारख्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. तिच्या जुन्या भाषेत ठेवलेली वस्तू आपण स्वतः उचलून टाकेपर्यंत जागची हलत नाही. त्याच भरवशावर तिने स्क्रिप्टकडून तक्ता घेतला, तो कुठे आहे तेवढं लक्षात ठेवलं आणि कामाला लागली. हा तक्ता मी धरलाय, असं तिने त्या लहान भाषेला सांगितलंच नव्हतं. स्क्रिप्टनेही तो देऊन टाकलेला, स्वतःकडे ठेवलेला नाही. मग कुणाचाच नाही म्हणून तो स्मोकोच्या झाडलोटीत गेला. त्या जागी दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुने आकडे तसेच दिसत, म्हणून रोज बिघडत नव्हतं. नव्या बागेचा माल लागला की नवा तक्ता यायचा, आणि सगळं पुन्हा सुरळीत दिसायचं.

बायका परत आल्या, पट्टा सुरू झाला, आणि पहिली लालबुंद फळं धडाधड रसाच्या तोंडाकडे कलंडू लागली. लेसिएलीचे मोठे हात पुढे झाले. एक झेललं, मागे टाकलं, दुसरं झेललं. तिच्यासमोरची बाईही तशीच. कुणी ओरडलं नाही, कुणी लॉर्नाकडे पाहिलं नाही. लेसिएलीने गाणं सुरू केलं आणि त्या तालावर फळं परत पट्ट्यावर जाऊ लागली. लॉर्नाच्या सांगण्यावरून हेनी नियम पुन्हा वाचायचं बटण दाबेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. लॉर्ना काचेमागे उभी होती.  यांच्यापैकी दोघी-तिघींची तर तिला नावंही ठाऊक नव्हती.

"सापडलं?" हेनीने आत येऊन विचारलं.

"सापडलं. माझंच आहे."

"मला कळेल असं सांग."

लॉर्ना इकडेतिकडे पाहू लागली. स्मोकोच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आतल्या फ्रिजवर लेसिएलीच्या अक्षरातली सूचना: नाव नसलेला डबा फेकून दिला जाईल. "तो तुमचा फ्रिज आहे ना? समज, मी त्यात डबा ठेवला आणि नाव घातलं नाही."

"लेसिएली फेकून देणार."

"दिला. पण मला ते माहीत नाही. मी आपली आले, डावीकडचा तिसरा डबा म्हणून हात घातला..."

"आणि दुसऱ्याच कुणाचं तरी शिळं कालवण खात बसलीस."

"हो, अगदी तसंच."

हेनी इतकी हसली की तिला खुर्ची लागली. "एवढ्यासाठी सगळी गाला रसात! अगं, नाव घाल ना मग डब्याला!"

"तेच करते. आणि काम झालं की नाव पुसायचंही लिहिते. नाहीतर फ्रिज कधी रिकामाच व्हायचा नाही."

दोन ओळी होत्या. एक धरण्याची, एक सोडण्याची. त्या जुन्या प्रोग्रॅममध्येच लिहायच्या, म्हणून तो पुन्हा कंपाइल करावा लागला आणि पट्टा एकदा थांबवावा लागला. रेक्स तिच्या पाठीमागे उभा राहून बघत होता. "झालं का?" त्याने विचारलं.

"झालंय असं वाटतंय. पण स्मोको झाल्याशिवाय कळणार नाही. आता पुढचा स्मोको उद्या सकाळी."

हेनी तडक बाहेर गेली आणि तिने घंटा वाजवली.

आत्ताच तर सगळ्या चहा पिऊन आल्या होत्या. बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. "आंटी, घड्याळ बघितलंस का?" एकीने विचारलं.

"स्मोको!" हेनी ओरडली. "चला, बाहेर व्हा. आणि हळूहळू प्या!"

असं त्या पॅकहाउसमध्ये कधी झालं नव्हतं.  लेसिएली जाता जाता ऑफिसच्या काचेवर टकटक करून म्हणाली, "लॉर्ना, असलीच चूक दर तासाला काढत जा!"

या वेळी लॉर्ना ऑफिसात थांबली नाही. पडद्याकडे रेक्सला बघायला सांगून ती बायकांबरोबर आत गेली. कुणीतरी तिच्या हातात कप दिला, कुणीतरी बिस्किटांचा डबा सरकवला. तिला बसायला जागा करून दिली. पट्टा पुन्हा सुरू झाला तेव्हा गाला आपापल्या जागी गेली. रसाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांच्या हाती एक किडकं फळ आलं. लेसिएलीने ते वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर हेनीने आणखी एकदा घंटा वाजवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मात्र रेक्स म्हणाला, "पुरे गं बाई आता. मला पटलंय."

शुक्रवारी लॉर्ना उगाचच पॅकहाउसमध्ये गेली. सकाळचा स्मोको झाला, काही बिघडलं नाही. दुपारचा झाला, काही बिघडलं नाही. आणि त्यानंतर निर्यातवाल्यांचा निरोप आला, की आजपासून देठाजवळचा डाग अजून कमी हवा. ऑफिसात रेक्स होता, हेनी होती, दोन बायका होत्या. जुन्या सवयीने सगळ्यांनी लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्नाची बोटंही उठली. तिने ती कोटाच्या खिशात घातली.

हेनी खुर्चीत बसली. एका बोटाने लिहीत गेली. लिहून झाल्यावर बटण दाबलं, तर यंत्राने तो नियम घेतलाच नाही. पट्टा जुन्याच नियमावर चालू राहिला आणि पडद्यावर लॉर्नाने हिवाळ्यात साध्या शब्दांत लिहून ठेवलेली सूचना आली: शेवटचं एंड राहिलंय, बाकी ठीक आहे.

"बघ, अजून जेवणावरून उठत नाही," हेनी म्हणाली आणि तीन अक्षरं टाइप केली. डागाळलेली फळं दुसरीकडे वळू लागली. पट्टा क्षणभरही थांबला नव्हता.

हेनी खुर्ची फिरवून लॉर्नाकडे वळली. "तू अजून इथेच?"

"विमान उद्या आहे."

"मग घरी जाऊन बॅग भर. आणि हे बघ, तिथून मला फोन करायचा नाही. केलास तरी मी उचलणार नाही."

रेक्स तिला गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीचं दार धरून उभा राहिला. "पहिल्या नातवाच्या वेळी मीच तुला जा म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.  तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला, तसा तो म्हणाला, "ग्रीस लागेल," आणि आत निघून गेला.

इन्व्हरकार्गिलला पाऊस आणि वारा होता. ब्रायर विमानतळावर आली होती, एवढं मोठं पोट घेऊन, एका हातात थोरल्याला धरून. तिने थोरल्याचा हात आईच्या हातात दिला.  मग म्हणाली, "हंगाम चालू आहे ना?"

"चालू आहे. गाला."

"मग?"

"मग काय? हेनी आहे ना तिथे."

बाळ पुढच्या आठवड्यात झालं. मुलगी. नर्सने ती गुंडाळून आधी ब्रायरजवळ दिली, मग ब्रायरने आईकडे. थोरल्याच्या वेळी लॉर्नाच्या हाती हसणारं, खेळणारं मूल आलं होतं. हे तांबडं, सुरकुतलेलं, डोळे गच्च मिटलेलं असं काही तिने ब्रायरनंतर पाहिलंच नव्हतं. ती खिडकीशी बसून राहिली. ब्रायर झोपली. मध्येच जागी होऊन तिने पाहिलं, आई आहे, आणि पुन्हा झोपली.

लॉर्ना परतली तेव्हा गाला संपून ब्रेबर्न ही पुढची जात सुरू झाली होती. पहिल्याच दिवशी ती पॅकहाउसमध्ये गेली ती दोन मोठे ट्रे घेऊन. दक्षिणेकडे पावाच्या पातळ कापांत चीज आणि कांद्याचं सारण भरून, गुंडाळ्या करून भाजतात. ब्रायरच्या सासूकडून ती ते शिकून आली होती. स्मोकोच्या खोलीत उभी राहून तिने गुंडाळ्या भाजल्या आणि गरम गरम वाढल्या. तिने गाडीत बसल्या बसल्या चार वाक्यंही जुळवली होती. सगळ्यांच्या तोंडात घास असताना ती म्हणाली, "मला तुम्हा सगळ्यांना काही सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही रसाच्या पेटीशी उभ्या राहिलात..." 

"लोणी अजून लाव, कडा कोरड्या राहिल्यात," लेसिएली म्हणाली. मग तिने हात पुसून पुढे केला. "फोटो कुठंय?"

फोटो हातोहात फिरला. प्रत्येकीने बाळाच्या नाकाबद्दल आपलं मत दिलं. लॉर्नाने या वेळी एकेकीला नाव विचारलं आणि तिच्या ताटलीत स्वतःच्या हाताने दुसरी गुंडाळी वाढली.

नंतर ऑफिसात तिने सहज पडद्यावर चालू असलेले नियम उघडले. ब्रेबर्नसाठी हेनीने सगळं नव्याने लिहिलं होतं. लांबलचक, एकच गोष्ट दोनदा सांगणारं, मध्येच स्वतःसाठी टिपण: ही ओळ काढू नकोस, मागच्या बुधवारी काढली तर सगळं लाल झालं. लॉर्नाला ते निम्म्या जागेत बसवता आलं असतं. तिने शेवटपर्यंत वाचलं.

"काय चुकलंय?" दारातून हेनीने विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग."

"खरंच काही नाही. मला विचारलंही नाहीस."

"तुला कशाला विचारू?" हेनी म्हणाली. "तू नातीकडे होतीस."